प्रश्नालाही गुण द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे.



दहावीच्या परीक्षेला दरवर्षी पंधरा लाखांहून अधिक मुले-मुली बसतात. आपण प्रश्न विचारता, ती उत्तरे लिहितात. परीक्षेची रीतच ती, त्याबद्दल तक्रार नाही. पण दहा वर्षे शाळेत काढलेल्या मुलाला स्वतःला काही प्रश्न पडतो का, आणि पडला तर तो त्याला धड मांडता येतो का, हे आपल्या परीक्षेतून कधीच कळत नाही. ते कळावे आणि त्याला गुण असावेत, एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र खुले ठेवले, कारण मागणी मंडळाकडे असली तरी ती पेलायची आहे शिक्षकांना आणि पालकांना.

यावर कुणी हिंदीच्या पेपरकडे बोट दाखवील. त्यात उतारा देऊन त्यावर चार प्रश्न तयार करायला सांगतात आणि त्याला चार गुणही असतात. पण अट अशी, की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच उताऱ्यात एका वाक्यात सापडले पाहिजे. मुले यात तरबेज होतात. उताऱ्यातले वाक्य उचलायचे, नेमक्या शब्दाच्या जागी ‘कौन’ नाहीतर ‘कहाँ’ घालायचे, शेवटी प्रश्नचिन्ह ठोकायचे, की चार गुण खिशात. भाषेचा सराव म्हणून हे ठीक आहे. मी म्हणतो तो प्रश्न उताऱ्यात ज्याचे उत्तर नाही असा आहे. त्याला आजवर एकाही पेपरात जागा मिळालेली नाही.

विज्ञानात तरी ती असायला हवी होती. विज्ञानाचे प्रत्येकी ४० गुणांचे दोन पेपर आणि वर प्रात्यक्षिकाचे २० गुण. या २० गुणांचे काय होते, हे शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रात्यक्षिक वहीत मथळे ठरलेले असतात: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. यातला ‘निरीक्षण’ हा रकाना मुलाने डोळ्यांनी पाहून भरायचा. प्रत्यक्षात तो फळ्यावरून उतरवला जातो, नाहीतर गेल्या वर्षीच्या वहीतून.

बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा साधा प्रयोग घ्या. खिडकीतून दिसणाऱ्या लांबच्या झाडाची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची. झाड उलटे, इवलेसे, हिरवेगार दिसते आणि बाहेर वारा सुटला की कागदावरची पानेही हलतात. पहिल्यांदा पाहणारे मूल हरखून जाते. मग मोजायची वेळ येते. प्रतिमा सगळ्यांत ठळक नेमकी कुठे, हे सांगणे सोपे नसते. कागद दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे सरकवला तरी फरक कळत नाही. पट्टीचे टोक झिजलेले, म्हणून शून्य कुठे धरायचे यावर वाद. एका गटाचे ९.६ येते, दुसऱ्याचे १०.३. भिंगाच्या पाकिटावर मात्र १० सेंटिमीटर छापलेले असते, आणि तास संपता संपता सगळ्या वर्गाच्या वह्यांत १० येते. बारावीपर्यंत हीच मुले या कामात इतकी मुरतात, की लंबकाच्या प्रयोगात ९.८ हे उत्तर आधी धरून उलटा हिशेब करतात आणि रीडिंग बसवून देतात.

या तासाला मूल काय शिकले? डोळ्यांना दिसलेले आणि कागदावर छापलेले यांत फरक पडला तर छापलेले लिहावे, हे शिकले. ९.६ आणि १०.३ का आले, हा खरा धडा होता. पट्टी, डोळा, भिंगाची जाडी, झाडाचे अंतर, यांतले कुठले कारण किती, असे चार प्रश्न त्या फरकातून निघाले असते. ‘पोर्शन’ पूर्ण करायच्या घाईत आपण ते निघूच दिले नाहीत.

आता उलटे उदाहरण देतो. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे वाक्य प्रत्येक मुलाने लहानपणापासून ऐकलेले असते. शाळेच्या आवारात सपाट जागा पाहून एक सरळ काठी रोवायची आणि ती ओळंबा धरून उभी आहे ना हे तपासायचे. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. पहिला वाद तिथेच सुरू होतो. सावलीचे टोक पुसट असते, मग खूण गडद भाग संपतो तिथे करायची की फिकट भाग संपतो तिथे? मुलांनी काहीही ठरवावे. फक्त ठरवलेले शेवटपर्यंत पाळावे. मोजमापाची शिस्त व्याख्यानाने येत नाही, अशी येते.

पुण्यात हा उद्योग केला तर बारा वाजता सावली सर्वांत लहान झालेली नसते. ती अजून आखडत असते. साडेबाराच्या आसपास तिची लांबी इतकी हळू बदलते, की सर्वांत लहान सावली नेमकी कितव्या मिनिटाला, ते सांगता येत नाही. एखादे चलाख मूल इथे युक्ती काढते: दुपारच्या आधीची आणि नंतरची सारख्या लांबीची सावली शोधू आणि मधली वेळ घेऊ. हीच युक्ती आपल्याकडचे जुने ज्योतिषी दिशा ठरवण्यासाठी वापरत. उत्तर येते वर्षाच्या सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास. मुंबईत तेच १२.३८ ते १२.३९, नागपुरात १२.१४, गडचिरोलीत १२.१०.

ऐकलेले वाक्य आणि सावली यांचे इथे जमत नाही आणि प्रश्न आपोआप उभा राहतो. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. ती रेषा मिर्झापूरजवळून जाते आणि आपण तिच्या पश्चिमेला आहोत. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात. पुणे त्या रेषेपासून साडेआठ अंशांहून थोडे अधिक दूर आहे, गडचिरोली अडीच अंश. गुणाकार मुले स्वतः करतात. महिन्याभराने पुन्हा काठी रोवली तर वेळ सरकलेली आढळते. पुण्याची खरी दुपार फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९ पर्यंत जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ ला येते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि पृथ्वीचा आस कलता आहे, ही पुस्तकातली दोन वाक्ये इथे पहिल्यांदा कामाला लागतात.

आणि डोक्यावरचा सूर्य? सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे राज्यातल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य खरोखर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. कोल्हापुरात ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात २६ मे. दिल्लीच्या मुलांना हे कधीच पाहायला मिळत नाही. पुण्यात या तारखेनंतर जुलैअखेरपर्यंत भरदुपारची सावली दक्षिणेला पडते. आयुष्य पुण्यात काढलेल्या किती जणांनी ती पाहिली आहे? आपल्याकडे या तारखा उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात आणि दुसरी खेप पावसाळी ढगांत जाते, ही अडचण खरी. पण सुट्टीत मूल गावी, मामाकडे असते. तिथे काठी रोवता येते आणि मामाच्या गावची तारीख वेगळी निघते, हे तर आणखी चांगले.

निरीक्षण म्हणजे केवळ टक लावून पाहणे नव्हे. काय पाहायचे हे ठरवायला आधी प्रश्न लागतो आणि बारकाईने पाहिले की त्या प्रश्नाच्या पोटातून दुसरा निघतो. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. हाती नोकरी नव्हती. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर आडोसा उभारून ते त्यात तासन् तास बसले. बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता आपल्यातल्या अनेकांनी शाळेत म्हटली आहे, त्यामुळे खोपा आई विणते, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. कवितेत मातृत्वाचा गौरव आहे आणि कविता म्हणून तिची किंमत रतिभरही कमी होत नाही. पण किहीमच्या झाडावर विणकाम करत होता नर.

नर घरटे अर्धे विणून थांबतो, टांगलेल्या शिरस्त्राणाच्या आकाराचे. मग माद्या येतात, घरट्यात शिरून पाहतात, काड्या ओढून बघतात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे मुक्काम करते आणि नर खालची नळी विणून घर पुरे करतो. ती अंडी उबवायला बसली की हा जवळच दुसरे घरटे सुरू करतो, दुसरीसाठी. सुगरणीच्या संसाराची ही रीत सालिम अलींनी तिथे नोंदली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. घरट्याच्या आत नर ओल्या मातीचे गोळेही लावतो. त्यात काजवे चिकटवून पक्षी रात्री उजेड करतो, अशी समजूत खेडोपाडी आहे. वाऱ्यात घरटे हेलकावू नये म्हणून वजन, असे दुसरे उत्तर दिले जाते. यातले कोणते पटते आणि ते कसे तपासशील, हा प्रश्न नववीच्या मुलाला जमणार नाही असे मला वाटत नाही. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लटकलेले खोपे अजून पाहायला मिळतात.

पाहण्याची ही ताकद पदवीवर अवलंबून नसते. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे शेतकरी. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब वेगळे दिसले, दाण्याचा रंग पिवळसर. इतर कुणी ते कापणीत घेऊन टाकले असते. त्यांनी ते बाजूला काढले, बी जपले, पुढच्या हंगामात वेगळे पेरले, पुन्हा निवडले. त्यातून जे वाण निघाले त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या एचएमटी घड्याळाचे नाव पडले आणि तो तांदूळ घरोघरी पोचला. ‘हे वेगळे का?’ आणि ‘पुन्हा पेरले तर असेच येईल का?’ या दोन प्रश्नांवर ते सारे काम उभे होते. हे लोंब प्रात्यक्षिक वहीत असते, तर ‘अपेक्षित निरीक्षणाशी जुळत नाही’ म्हणून खोडले गेले असते.

प्रश्नाचा संबंध केवळ विज्ञानाशी आहे, असेही मी मानत नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे तिचे नाव. मांग समाजातली, जोतीराव फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, हे तिने त्या निबंधात सरळ विचारले. आपल्या जातीतल्या बायका उघड्यावर, थंडीपावसात बाळंत होतात, हे डोळ्यांनी पाहिलेले वास्तवही तिने त्यातच मांडले. शाळेत जाऊ लागून तिला तीनच वर्षे झाली होती. आपल्याकडे दहा वर्षे मूल शिकते. त्या दहा वर्षांच्या शेवटी त्याच्याकडून असा एक प्रश्न अपेक्षिणे फार नाही. स्वतः जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तीही धोंडिबाशी झालेल्या सवालजबाबांच्या रूपात.

पुढे हेच मूल नागरिक होते. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ मध्येच केला, देशाच्या कायद्याच्या तीन वर्षे आधी. दहा रुपये शुल्क भरून कुणीही विचारू शकतो, की आमच्या रस्त्यावर खर्च किती झाला, डांबर किती पडले. पण अर्जात नेमके विचारायचे काय, हे कळायला आधी रस्ता पाहावा लागतो, खड्डा मोजावा लागतो, फलकावरचा आकडा टिपावा लागतो. ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवल्यावर ‘कुणाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते आणि बहुतेक वेळा सभा गप्प असते. वर्गात ‘काही शंका?’ म्हटल्यावर जी शांतता पसरते तीच ही, वयाने वाढलेली. ‘आगाऊपणा करू नकोस’, ‘पुस्तकात आहे तेवढेच लिही’ हे ऐकत मोठा झालेला माणूस एकदम पस्तिसाव्या वर्षी हात वर करील, ही अपेक्षाच चुकीची आहे. संविधानाच्या कलम ५१ क मध्ये १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास हे त्यांतले एक आहे. कर्तव्य सांगायचे आणि त्याचा सराव कुठेच द्यायचा नाही, हे बरोबर नव्हे.

‘कल्पना छान, पण सरकारी शाळांत हे चालायचे नाही,’ असे आपल्या कार्यालयात कुणीतरी म्हणेलच. शेजारच्या मध्य प्रदेशात ते चाललेले आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभारला. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसले. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती; ती मुलांच्या वहीत तयार व्हायची. आठवीची परीक्षा पुस्तक उघडे ठेवून द्यायची आणि प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवायचा. ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्र लिहून काहीही विचारत आणि सवालीरामच्या सहीने उत्तर येई. पुण्याच्या टेल्कोतले तरुण अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या यांची खेळणी करण्याचा त्यांचा नाद तिथलाच. तो पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील विज्ञान शोधिकेपर्यंत पोचला. होशंगाबादचा कार्यक्रम सुमारे हजार शाळांपर्यंत वाढला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. मुलांना जमले नाही किंवा शिक्षकांना झेपले नाही म्हणून नव्हे. सरकारी आदेश निघाला आणि तीस वर्षांचे काम थांबले. सरकारने मनावर घेतले तर काय चालू शकते आणि मन काढून घेतले तर काय बंद पडते, हे दोन्ही त्या एका उदाहरणात आहे.

आपल्या इथले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर व्याख्यानानंतर स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. एवढ्या मोठ्या माणसाला मुलाच्या प्रश्नाची किंमत वाटत होती. मंडळालाही ती वाटावी.

माझ्या मागण्या तीन आहेत, आणि तिन्ही आजच्या आराखड्यात बसतात.

पहिली: प्रात्यक्षिकाच्या २० गुणांपैकी ५ गुण स्वतःच्या नोंदवहीला द्या. मुलाने वर्षभरात आपल्या परिसरातली एकच गोष्ट निवडावी आणि तारीख, वेळ, जागा घालून तिच्या नोंदी ठेवाव्यात. काठीची सावली, विहिरीची पाणीपातळी, चंद्र रोज किती उशिरा उगवतो, बहाव्याला पहिले फूल कधी, बाटलीच्या पर्जन्यमापकातला पाऊस, असे काहीही. शेवटी त्या नोंदींतून निघालेला, स्वतःला न सुटलेला एक प्रश्न लिहावा.

दुसरी: लेखी पेपरात दोन गुणांचा एक प्रश्न असा ठेवा, ज्यात पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक तक्ता किंवा छायाचित्र असेल. त्यावर मुलाने असा एक प्रश्न लिहायचा, ज्याचे उत्तर त्या तक्त्यात नाही, आणि ते उत्तर शोधण्यासाठी आपण काय करू हे तीन-चार ओळींत सांगायचे.

तिसरी: परीक्षक आणि नियामकांना लेखी सूचना द्या, की अपेक्षेपेक्षा वेगळे आलेले रीडिंग प्रामाणिकपणे नोंदवले असेल आणि फरकाचे कारण शोधायचा प्रयत्न केला असेल तर पूर्ण गुण द्यावेत. ९.६ ला गुण मिळतात हे एकदा कळले, की १० लिहायचे कारण उरत नाही.

यावरचे आक्षेपही मला माहीत आहेत. पहिला, साठ मुलांचा वर्ग आणि त्यात निवडणूक, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी. शिक्षकाने वह्या तपासायच्या केव्हा? हे खरे आहे आणि त्याचे उत्तर मंडळाने शासनाकडे मागितले पाहिजे. पण आजही साठ जर्नले तपासली जातातच, आणि साठांत एकच मजकूर असतो. त्याऐवजी पाच पानांच्या वेगवेगळ्या नोंदी वाचणे कमी कंटाळवाणे आहे. दुसरा, प्रश्नाला गुण द्यायचे कोणत्या मापाने? निबंधाला देतो त्याच मापाने, मार्गदर्शक निकष ठरवून. प्रश्न पाहिलेल्या गोष्टीतून आला आहे का, आणि तो तपासण्याजोगा आहे का, हे दोन निकष पुरतात. तिसरा, शिक्षकाला उत्तर आले नाही तर? तर त्याने ‘मला माहीत नाही, बघू या’ म्हणावे. असे म्हणणारा शिक्षक मुलांच्या नजरेतून उतरत नाही, हे मी शाळेत पाहत आलो आहे.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: वर्षाच्या आत ‘अपेक्षित निरीक्षणे’ आणि ‘हमखास प्रश्न’ असे गाईड बाजारात येईल. येईलच. म्हणूनच मी नोंदींना जागा आणि तारीख जोडायला सांगतो. बहिर्गोल भिंगाचे १० सेंटिमीटर सगळ्या राज्यात उतरवून घेता येतात. पण १५ नोव्हेंबरला आपल्या गावची सर्वांत लहान सावली किती वाजता पडली, हे मुंबईच्या वहीतून गडचिरोलीच्या मुलाला उतरवता येत नाही. दोन्ही उत्तरांत अर्ध्या तासाच्या आसपास फरक आहे. शिक्षकाला शंका आली तर त्याने दुसऱ्या दिवशी काठी रोवून पाहावे. फसवणूक पकडायला इतकी स्वस्त सोय दुसऱ्या कुठल्या प्रयोगात नाही.

पालकांसाठीही दोन ओळी लिहितो. मुलाने घरी काही विचारले तर लगेच मोबाइलवर उत्तर शोधून देऊ नका. ‘तुला काय वाटते, आणि कसे बघता येईल?’ एवढे आधी विचारा. विजेच्या मीटरचे आकडे महिनाभर मुलाकडून लिहून घ्या. युनिट म्हणजे काय आणि फ्रिज किती खातो, हे त्याला बिल येण्याआधी कळेल.

२८ फेब्रुवारीला राज्यभर शाळांत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. सी. व्ही. रामन यांच्या शोधाची ती तारीख. १९२१ मध्ये ते बोटीने विलायतेहून परतत असताना भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांना प्रश्न पडला. तो रंग आकाशाच्या प्रतिबिंबाचा, हे लॉर्ड रॅलीचे उत्तर त्यांनी जवळच्या निकोल प्रिझमने पाण्यावरची परावर्तित झळाळी काढून तपासले. पाणी तरीही निळेच दिसले. त्यावरची टिपणी त्यांनी मुंबई बंदरातून ‘नेचर’कडे पाठवली. आज विज्ञान दिनाला मुले हे सगळे भाषणात पाठ म्हणतात, बक्षिसे घेतात आणि मुंबईच्या किनाऱ्यावरचा समुद्र निळा का दिसत नाही, हे कुणी विचारत नाही. तसे विचारणाऱ्या मुलाला आपल्या परीक्षेत आज शून्य गुण आहेत.

पुढच्या मूल्यमापन आराखड्याची चर्चा होईल तेव्हा या तीन मागण्यांपैकी निदान दुसरी तरी विचारात घ्यावी, ही नम्र विनंती. दोन गुणांनी कुणाची टक्केवारी बिघडणार नाही. पण जे परीक्षेत आहे तेच वर्गात शिकवले जाते, हा आपल्याकडचा नियम आहे. पेपरात प्रश्न विचारण्याला गुण आले, की तो वर्गातही विचारला जाईल.



आपला,
विज्ञान शिकवणारा एक शिक्षक